चाकावरची काळी कमान वर्षातून एकदा तरी उतरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी-नाताळची सुट्टी लागली की कर्दे, मुरुड, हर्णै, गुहागर या किनाऱ्यांवर पर्यटकांच्या गाड्या वाळूत रुतल्याच्या बातम्या आपल्या अंकात येतात. ट्रॅक्टर बोलावला, दोर लावला, भरती यायच्या आत गाडी बाहेर काढली, इथे बातमी संपते. त्या गाडीचं पुढे काय होतं ते आमच्यासारख्यांना दिसतं, म्हणून हे पत्र.

मी एस.टी.च्या आगारात बत्तीस वर्षं मेकॅनिक होतो. निवृत्त झाल्यावर गुहागरजवळ घराच्या पडवीला लागून पत्र्याची शेड टाकली. ओळखीपाळखीच्या गाड्या तिथे बघतो. माझा जन्म गेला तो रिव्हेट आणि नटबोल्टांत. गाडीच्या चाकावरची काळी कमान धरून ठेवतात त्या प्लॅस्टिकच्या क्लिपा मी साठीला आल्यावर शिकलो, आणि शिकताना चार-पाच तोडल्याही. पण आता हा प्रकार इतक्या गाड्यांना आहे की त्यावर कोणीतरी सविस्तर लिहायला हवं असं मला मनापासून वाटतं.

२०२० च्या ऑक्टोबरात महिंद्राची नव्या बांधणीची थार आली, २०२३ च्या जूनमध्ये मारुतीची जिम्नी आली. जीपच्या रॅंग्लरची जुळणीसुद्धा आता पुण्याजवळ रांजणगावला होते. या सगळ्या गाड्यांच्या चाकांवर जाड प्लॅस्टिकची कमान असते. कोणी तिला फेंडर फ्लेअर म्हणतं, कोणी क्लॅडिंग. तिचं काम मोठं आहे. रुंद टायर उडवतो तो चिखल आणि खडी ती अडवते, नाहीतर आमच्या जांभ्याची खडी मागच्या गाडीच्या काचेवर गेलीच म्हणून समजा. तेव्हा कमान काढून टाका असं मी कोणालाच सांगत नाही. वर्षातून एकदा उतरवा, मागे साफ करा आणि परत बसवा, एवढंच सांगतो.

गेल्या वर्षी पुतण्या मुंबईहून त्याची फोर बाय फोर घेऊन आला. गाडी जेमतेम साडेतीन वर्षांची. मागच्या डाव्या चाकावर, कमानीच्या कडेलगत, रंगाला मसुराएवढे फोड आले होते. अंगठ्याने एक दाबला, तर आतून तांबडं पाणी आलं. कमानीवर तीन ठिकाणी सेल्फ स्क्रू, म्हणजे थेट पत्र्यात घुसणारे स्क्रू, मारलेले दिसले. पुतण्याला विचारलं तेव्हा कळलं की दोन पावसाळ्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये चाकाच्या आतल्या बाजूचं काही काम करायचं होतं. तिथल्या पोराने कमानीत मोठा स्क्रू ड्रायव्हर घातला आणि ओढली. सात क्लिपा तुटल्या. नव्या क्लिपा हाताशी नव्हत्या, म्हणून पत्र्यात थेट भोकं पाडून स्क्रू मारून दिले. "काका, त्यांनी सांगितलं, क्लिपा तुटतातच, हीच पद्धत आहे," असं तो म्हणाला.

ही पद्धत नाही. कारखान्यात पत्र्यावर जस्ताचा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग चढवतात. सेल्फ स्क्रू हे सगळे थर एका फटक्यात फोडून उघड्या लोखंडात शिरतो. त्या भोकाच्या कडेला रंग नसतो, आणि तिथेच कमानीमागची ओली माती येऊन बसते. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून वरचा रंग फुगतो. फोड बाहेर दिसायला लागेपर्यंत आतला पत्रा बराचसा गेलेला असतो. पुतण्याच्या गाडीत एका स्क्रूपाशी माझी करंगळी आरपार गेली.

कमान उतरवली तेव्हा मागे बोटभर जाडीचा थर निघाला. तांबडी माती, बारीक वाळू आणि सुरूच्या सुया एकत्र थापल्यासारख्या झाल्या होत्या. नोव्हेंबर अर्धा सरला होता, पाऊस जाऊन महिना झाला होता, तरी तो थर आतून ओला होता. चिमूटभर जिभेला लावून पाहिला. चक्क खारट. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि ते हवेतली ओल ओढून घेतात. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते आपल्याकडच्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. तीच बरणी गाडीच्या पत्र्याला चिकटवून ठेवल्यासारखं हे होतं. देशावरच्या गाडीत अशी माती वाळून गळून जाते. आपल्याकडे ती वाळतच नाही. त्यासाठी गाडी वाळूतच घालायला हवी असंही नाही. उधाणाच्या वेळी दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या उतारावरून गाडी चढवली-उतरवली, खाडीकाठच्या रस्त्यावर पाणी आलेलं असताना गेलात, तरी पुरतं.

(वाळूत गाडी घालूच नये, हे वेगळं सांगतो. वेळास, आंजर्ले, गुहागरच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, नेमकी थंडीत, पर्यटकांच्या हंगामात. टायरखाली काय आहे ते वरून दिसत नाही.)

आता क्लिपांबद्दल. त्या का तुटतात? तीन कारणं मी रोज बघतो: आत अडकलेली वाळू, उन्हाने कडक झालेलं प्लॅस्टिक, आणि कुठली क्लिप कशी सुटते ते न बघता लावलेला जोर.

म्हणून आधी धुणं. चाकाच्या आतल्या बाजूने गोड्या पाण्याचा पाइप धरून कमानीच्या कडेकडेने दहा मिनिटं पाणी सोडायचं. क्लिपच्या दातांत वाळूचा कण असला की ती दबत नाही, आणि दबली नाही की तुटते. धुतल्यावर गाडी तासभर उन्हात उभी करायची. सकाळच्या गारव्यात हे काम मी करत नाही. ऊन नसेल तर फडकं गरम पाण्यात बुडवून, पिळून कमानीवर ठेवायचं. हाताला सोसेल इतपत ऊब आली की प्लॅस्टिक लवचिक होतं. पेट्रोल, थिनर असलं काही लावू नये, प्लॅस्टिक पांढरं पडतं आणि तडकतं. सरकायला हवं असेल तर साबणाचं पाणी पुष्कळ.

मग चाक काढायचं. जॅकच्या भरवशावर राहू नये, स्टँड लावावा. चाक निघालं की हात आत जातो आणि डोळ्याला दिसतं, अर्धं काम तिथेच होतं. खालच्या आणि आतल्या कडेला स्क्रू किंवा दहाच्या पान्याचे बोल्ट असतात, ते आधी. एकजरी राहिला तरी तिथे कमान चिरते. कोपरे आणि चिखलाखाली लपलेली जागा बोटाने चाचपून बघायची.

त्यानंतर चाकाच्या वर, आतून बसवलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या अस्तराच्या पुश पिना. या दोन भागांच्या असतात: बाहेरची टोपी आणि मधली खीळ. पोरं टोपीखाली स्क्रू ड्रायव्हर घालून उपसतात, तिथेच ती मोडते. आधी मधली खीळ सोडवायची. काहींची खीळ बारीक स्क्रू ड्रायव्हरने वर उचलावी लागते, काहींची आत दोन-तीन मिलिमीटर दाबावी लागते. खिळीला फुलीची खाच असेल तर पाव वळसा देऊन बघावं. खीळ सुटली की बाहेरचे पाय मिटतात आणि पिन दोन बोटांत उचलून येते. जोर लागतोय म्हणजे खीळ अजून सुटलेली नाही.

अस्तर बाजूला झालं की फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, मागून कमानीच्या क्लिपा दिसतात. पत्र्याच्या भोकातून आत आलेली, दोन बाजूंना पंख असलेली ती छोटी टोकं. सगळी गोम इथे आहे. बाहेरून ओढताना आपण त्या पंखांशी झगडत असतो. मागून नोज प्लायरने दोन्ही पंख चिमटीत धरून दाबले तर ती टक् असा बारीक आवाज करून भोकातून सरकते. पुतण्याच्या गाडीच्या उजव्या कमानीवर, जिला त्या गॅरेजचा हात लागला नव्हता, अशा अकरा क्लिपा होत्या. त्याला मागे बसवलं, तो एकेक दाबत गेला, मी बाहेरून कमान हलकी ओढून धरली. एक सुटली की पुढची. मधेच उडी मारून पलीकडची सोडवायची नाही, मधली वाकून मोडते.

जिथे मागून हात पोचतच नाही तिथे बाहेरूनच उचलावी लागते. तिथे लोखंड वापरू नये. प्लॅस्टिकची पाचर बाजारात मिळते. मी बांबूची कामटी तासून घेतो. तिला धार नसते आणि ती रंग खरवडत नाही. तरी पत्र्यावर कागदी चिकटपट्टी लावून घ्यावी. कामटी दोन क्लिपांच्या मधे घालायची नाही, क्लिपच्या अगदी मुळाशी घालायची, आणि कमान पत्र्यापासून सरळ बाहेर घ्यायची. केळीच्या सालीसारखी सोलत गेलं की शेवटच्या दोन-तीन क्लिपा हमखास जातात. झाडासारखे दाते असलेली एक जात असते, तिच्या डोक्याखाली दुभंगलेल्या टोकाचं अवजार घालूनच उचलावी. तीही परत वापरताना दाते झिजलेले वाटले तर नवी घ्यावी.

काही कमानींना क्लिपांबरोबर दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची पट्टी असते, बाहेरून घेऊन बसवलेल्यांना तर असतेच. ती ओढून निघत नाही. आपल्याकडे याला घरचं हत्यार आहे: तंगूस. मासे पकडायची जाड तंगूस हातभर घ्यायची, दोन टोकांना काड्या बांधायच्या, कमान उबदार करून तिच्यामागे घालायची आणि करवतीसारखी मागेपुढे ओढत न्यायची. फोम मधोमध कापला जातो, रंगाला ओरखडा येत नाही. मला हे शेजारच्या होडीवाल्याने दाखवलं. उरलेला गोंद खोबरेल लावून तासाभराने अंगठ्याने चोळला की गुंडाळत येतो. परत बसवताना मात्र ते तेल साबणाने पूर्ण काढायला हवं, नाहीतर नवी पट्टी धरणार नाही.

निघालेल्या क्लिपा मी करवंटीत ठेवतो, एका चाकाची एक करवंटी. काढायच्या आधी मोबाइलवर फोटो घ्यावा. कारण वरून सारख्या दिसणाऱ्या क्लिपांची लांबी वेगळी असते. लांब क्लिप आखूड जागी ठोकली की कमान फुगून राहते आणि तिथूनच पुन्हा माती शिरते.

मागचा पत्रा धुऊन, पुसून, पूर्ण वाळवून बघावा. भोकांच्या कडेला तांबूस दिसलं तर पॉलिश पेपरने चकाकी येईपर्यंत घासून प्रायमर आणि रंगाचा हात द्यावा, वर पोकळ्यांत मारतात ते मेण मारावं. नव्या क्लिपा बऱ्याचदा नायलॉनच्या असतात, आणि कोरडं नायलॉन ठिसूळ असतं. बसवायच्या आधी गरम पाण्यात थोडा वेळ ठेवल्या तर दाबताना मोडत नाहीत. सगळी टोकं भोकांसमोर आली याची खात्री झाल्यावर तळहाताने एकेक बसवावी. बोल्ट आधी हाताने फिरवावेत, पाना शेवटी.

पुतण्याच्या त्या डाव्या बाजूला डेंटरकडून पत्र्याचं ठिगळ लावावं लागलं. तीन दिवस आणि बरेच पैसे गेले. ज्या सात क्लिपांसाठी हे झालं त्यांची मिळून किंमत एका जेवणाइतकीही नव्हती.

आपल्यामार्फत मला दोन विनंत्या करायच्या आहेत. किनाऱ्यावरच्या गॅरेजवाल्या बंधूंनी प्रत्येक जातीच्या वीसेक क्लिपा डब्यात ठेवाव्यात आणि क्लिप तुटली तर गिऱ्हाइकाला तसं सांगावं. क्लिप कोणाच्याही हातून तुटते. सांगितलं तर तो थांबेल, दोन दिवसांनी येईल, पण पत्र्यात भोक पाडू नये. दुसरी विनंती रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आय.टी.आय.च्या निदेशकांना. मोटार मेकॅनिकच्या मुलांना दोन वर्षांत इंजिन खोलायला शिकवता, ते उत्तमच. त्यात एक अर्धा दिवस या प्लॅस्टिकच्या क्लिपांना द्यावा. भंगारातला एखादा फेंडर आणि एक कमान पुरेल. मुलाने एकदा मागून पंख दाबून क्लिप सुटताना पाहिली की तो पुन्हा स्क्रू ड्रायव्हर घालणार नाही. कोणी बोलावलं तर मी स्वतः येऊन दाखवीन. मानधन नको, येण्याजाण्याची एस.टी. मला चालते.

यंदा पुतण्या दसऱ्यालाच आला. पाऊस अजून पुरता गेला नव्हता, पण दोन दिवस उघडीप मिळाली. चारही कमानी आम्ही अंगणात उतरवल्या. मागे मातीचा नुसता पापुद्रा होता, ओला नव्हता. करवंट्यांतल्या सगळ्या क्लिपा परत आपापल्या भोकांत गेल्या. पुढच्या उजव्या चाकाची एक तेवढी नवी घालावी लागली.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
निवृत्त एस.टी. मेकॅनिक, गुहागर तालुका, जि. रत्नागिरी