डावा बूट

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

मावशीकडे पोचल्याचं आईला कळवलंस, मला नाही. असू दे. चिखलाचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय.

त्या दिवशी ओरडलो ते तुझ्या नोकरीवर नव्हे. 2015 ला आपली ठाण्याची खाडी रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झाली, तेव्हा मीच बडबडलो होतो की पाखरांना जागा मिळाली, आम्हाला कोण विचारतो. आणि 2022 ला तू पेढे घेऊन आलीस, "बाबा, खाडी रामसर झाली!" तर मी विचारलं, हे रामसर कुठल्या शाळेचे? किती हसलात दोघी. इराणमधलं गाव आहे ते, पाणथळ जागा जपायचा करार तिथे झाला आणि त्याच्या यादीत आपली खाडी आली, आता मीच सगळ्यांना सांगतो.

पण एकटीने गाळात उतरायचं कशाला? मांडीपर्यंत रुतलीस, वरून भरती लागलेली, आणि हे मला जेटीवरच्या चहावाल्याकडून कळावं? नानाचं काय झालं ते ठाऊक आहे ना तुला? बघ, काढलाच विषय.

तिथीची पाऊणपट करायची, पुन्हा सांगतो. अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती पुरी. अमावास्या-पुनवेला दुपारी, आणि उधाणाचं पाणी झपाट्याने चढतं. मोबाइल बघ, पण तिथीही बघ. रुतलीस तर पाय वर ओढू नकोस, जितका ओढशील तितका गाळ धरतो. मागे रेल, अंग पसर, एकेक पाय हलवत सोडव. हे तुला येतं. तरी लिहितोय, राग मानू नकोस. म्हाताऱ्याची सवय.

पाच वर्षांची होतीस तेव्हा तिवराचं पान तुला चाटायला दिलं होतं. तोंड वाकडं करून म्हणालीस, "झाडाला घाम आलाय." गेल्या महिन्यात होडीत पाहुण्यांना तू तेच सांगत होतीस, की तिवर खारं पाणी पितो आणि मीठ पानातून बाहेर टाकतो, चिखलात हवा नाही म्हणून मुळं वर काढून श्वास घेतो. मग रोहित दाखवलेस. मान उलटी, चोच पाण्यात, जिभेने पाणी आत-बाहेर करत शेवाळ गाळून खातो, आणि त्या शेवाळाचाच गुलाबी रंग पंखांवर चढतो. जन्मभर मी ते थवे पाहिले, पण चोच उलटी का, हे कधी मनात आलं नाही. एका बाईंनी विचारलं, "मॅडम, कुठे शिकलात?" तू म्हणालीस, "घरी." मी इंजिनाजवळ तोंड फिरवून बसलो होतो. धूर फार होता.

म्हणून सांगतो, नोकरी सोड म्हटलं ते मागे घेतलं. फक्त सोबत कुणीतरी ने, आणि वर आलीस की फोन कर. मला नको, आईला कर. ती सांगते मला.

काल ओहोटीला दादूला घेऊन गेलो होतो. गुडघाभर उतरलो, आईला सांगू नकोस. तुझा डावा बूट सापडला. उपडा केला तर आतून निवटी, ती चिखलातली मासळी, उडी मारून पळाली. धुऊन पडवीत ठेवलाय, अजून ओला आहे. रविवारी न्यायला ये.

– बाबा