हरवलेले 24 बाइट

प्रिय दोस्ता,

लाइनवरून 1448 बाइटचं पॅकेट, म्हणजे डेटाचं पाकीट, जातं; 1449 चं जात नाही. रात्री पावणेदोनला हे कळलं, आणि हे ऐकून अंथरुणात ताडकन उठून बसेल असा माणूस मला तू एकटाच आठवलास. पाच महिने पत्र नाही, फोन नाही, त्यावरून जे बोलायचं ते बोल. पण आधी हे वाच.

मी बरा आहे. पाठ अधूनमधून धरते. आईचा डोळा आता ठीक.

तर, ज्यांच्या सर्व्हर रूममध्ये आपण दिवसभर केबलींना चिठ्ठ्या चिकटवत बसलो होतो, त्यांच्याच दोन ऑफिसांमधली लाइन. सोमवारी सकाळी फोन आला : सॉफ्टवेअर अडकतंय. लॉगिन होतं, एखादी पावती उघडते, पण महिन्याचा अहवाल मागितला की स्क्रीन गोठते. दोन ओळींचा मेल जातो, फाइल जोडलेला लटकतो. मी एसएसएचने, म्हणजे इथूनच कमांड देत, पलीकडच्या मशीनवर गेलो, सहज शिरलो; मोठ्या फोल्डरची यादी मागितली आणि सगळं जागच्या जागी थांबलं. तू असतास तर तिथेच ओळखलं असतंस. मला दोन दिवस लागले. केबल बदलली, पोर्ट बदलला, अँटीव्हायरस बंद करून पाहिला.

लाइनवाल्यांकडे तक्रार केली. "सर, पिंग येतंय ना? मग लाइन ओके आहे." चार वेळा फोन, चार वेगळी माणसं, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. राउटर बंद करून चालू करा. ब्राउझरचा कॅश साफ करा. मॉडेमचा दिवा हिरवा आहे का? मी पोटतिडकीने सांगत होतो की साधं पिंग, म्हणजे पलीकडून उत्तर येतं का ते पाहायचं पॅकेट, 32 बाइटचं असतं; दारातून मांजर गेलं म्हणून कपाटही जाईल असं नाही. पलीकडे कागदावरचा पुढचा प्रश्न वाचला जायचा. एकदा तर मी त्यांच्याच फोनवर होल्डवर होतो आणि तेवढ्यात मेल आला : ग्राहकाकडून प्रतिसाद नाही, तिकीट बंद. त्या क्षणी डोळ्यांत पाणी आलं रे. इतक्या वर्षांत कामावर असं कधी झालं नव्हतं.

मग रात्री ऑफिस रिकामं झाल्यावर शांत बसलो. तुकडे करायची मनाई लावून मोठं पिंग सोडलं. 1472 आणि वरचे हेडरचे, म्हणजे पत्त्याच्या माहितीचे, 28 मिळून 1500, नेहमीची कमाल मर्यादा. काहीच परत आलं नाही. उत्तर नाही, "पॅकेट मोठं आहे" असा निरोपही नाही. 1400 गेलं. 1450 अडलं. एकेक करत 1448 वर आलो. 28 मिळवले की 1476. पंधराशेला 24 कमी! 20 बाहेरच्या आयपी हेडरचे, 4 जीआरईचे, म्हणजे पॅकेटवर दुसरं वेष्टन चढवणाऱ्या टनेलचे. लाइनवाल्यांनी मधे कुठेतरी तो टनेल घातलाय, आणि वर सुरक्षेच्या नावाखाली पिंग सोडून बाकीचं आयसीएमपी, म्हणजे नेटवर्कचे असे निरोप, अडवलंय. मोठं पॅकेट वाटेत टाकून द्यायचं, आणि टाकून दिलं हे पाठवणाऱ्याला कळूही द्यायचं नाही. 1990 च्या आरएफसी 1191 ची, म्हणजे वाटेतली कमाल मर्यादा शोधायच्या नियमाची, सगळी मदार त्या एका निरोपावर आहे. तो गिळला की बिचारं मशीन तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतं.

दोन्ही टोकांच्या राउटरवर एमएसएस, म्हणजे टीसीपीच्या (पोच घेत डेटा पाठवायच्या पद्धतीच्या) एका पॅकेटमधला जास्तीत जास्त डेटा, 1436 ला बांधला : 1476 वजा हेडरचे 40. दहा मिनिटांचं काम. अहवाल सर्रकन उघडला.

आणि माझी खरी पंचाईत इथूनच सुरू झाली. सकाळी लाइनवाल्यांना आकड्यांसकट सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं : आमच्या बाजूला कोणताही बदल नाही. ग्राहकाने आपल्या राउटरची सेटिंग बदलल्यावर अडचण दूर झाली, म्हणजे दोष ग्राहकाकडे. मालकांनी तो मेल वाचला आणि अगदी सौम्यपणे मला विचारलं, "मग ही सेटिंग आधीच का नव्हती?" रागावले असते तर बरं झालं असतं. अकरा वर्षं त्यांचं काम करतोय. लाइनवाल्यांच्या मेलखाली तीन जणांचे हुद्दे असतात. माझ्या मेलखाली माझं एकट्याचं नाव.

तुला ते डुप्लेक्सचं भांडण आठवतं? एका बाजूला 100 फुल (एकाच वेळी बोलणं-ऐकणं) ठोकून बसवलेलं, दुसरी ऑटोवर, ती बिचारी हाफवर (एका वेळी एकच) घसरलेली. तू लेट कोलिजनचे, म्हणजे पॅकेटांच्या उशिरा होणाऱ्या टकरींचे, आकडे वाचत होतास आणि मी घाईने स्विचच बदलला. अडचण गेली, पुरावाही गेला. तू तीन दिवस माझ्याशी बोलला नाहीस, आणि सरांना मधे पडावं लागलं. मी तेव्हा म्हणालो होतो, समोर माणसं खोळंबलेली असताना पुरावे कसले गोळा करतोस? आजही मला तसंच वाटतं. पगाराचा आठवडा होता. ऑफिसातल्या मुलींना रात्री आठपर्यंत बसवून मी पॅकेट मोजत बसणार होतो का? पण तुझंही खरंच होतं, आणि ते आज मला चांगलंच झोंबतंय.

शिवाय ही मलमपट्टी फक्त टीसीपीपुरती. यूडीपीवरून, म्हणजे पोच न घेता, तुकडे करायची मनाई लावून जाणारं मोठं पॅकेट अजून वाटेत नाहीसं होतंय. उद्या तिथे काही अडलं की पुन्हा बोट माझ्याकडेच. आणि ते टनेल अजून थोडं जाड झालं, तर 1436 सुद्धा पुरणार नाही.

म्हणून ठरवलंय. शनिवारी रात्री सेटिंग पंधरा मिनिटं काढायची. दोन्ही मशीनची घड्याळं एकाच एनटीपी वेळ-सर्व्हरवर जुळवून दोन्ही टोकांना एकदम कॅप्चर, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटांची नोंद, घ्यायचं. इकडून तेच पॅकेट निघताना दिसेल, दर खेपेला दुप्पट वेळ थांबून. तिकडे त्याचा मागमूस नसेल. मालकांची परवानगी काढली आहे. फक्त त्या फाइली माझ्याआधी तू वाचाव्यास असं वाटतं. मी रागात आहे, आणि रागात मला हवं तेच दिसेल.

तुझी नवी जागा कशी आहे? वहिनींची परीक्षा झाली ना? निकाल कळव. छोटीचं सायकलचं पत्र मिळालं, तिला वेगळं उत्तर लिहितो.

शनिवारी रात्री अकराला फोन करतो. उचल.

तुझाच