खोडदची दुर्बीण नेमके काय ऐकते?

संपादक महोदय,

पुणे–नाशिक रेल्वेमार्गाच्या चर्चेत खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे नाव वारंवार येते, परंतु ते बहुधा ‘अडथळा’ म्हणूनच येते. जुन्नर-आंबेगाव भागातील नागरिकांची रेल्वेची मागणी रास्त आहे आणि ती करणाऱ्यांना विज्ञानविरोधी ठरवणे मला मान्य नाही. मात्र ही दुर्बीण कशाचा वेध घेते आणि त्यासाठी परिसरात रेडिओ लहरींची शांतता का लागते, हे क्वचितच सांगितले जाते.

दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड समूह, एवढेच आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्षात ताऱ्यांच्या पलीकडेही अतिविरळ वायू लाखो प्रकाशवर्षे पसरलेला असतो. शेजारच्या देवयानी दीर्घिकेभोवतीचा असा वायू सुमारे १३ लाख प्रकाशवर्षांपर्यंत पोचत असल्याचे हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २०२० मध्ये दिसून आले. तो इतका विरळ असतो की एक लिटर जागेत जेमतेम एखादा अणू सापडावा, त्यामुळे तो थेट पाहणे अत्यंत कठीण. म्हणून त्याच्या कितीतरी मागे असलेल्या तेजस्वी क्वेसारचा, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेच्या लखलखत्या केंद्राचा, प्रकाश तपासतात; वाटेतले अणू ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतात आणि वर्णपटात काळ्या रेषा उमटतात. या रेषांमागे दीर्घिकांभोवतीचा वायू असावा, ही कल्पना जॉन बाकॉल आणि लायमन स्पिट्झर यांनी १९६९ मध्ये मांडली. पुण्यातल्या आपल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतही शोषणरेषांवर अनेक वर्षे संशोधन चालू आहे.

या वायूचे महत्त्व खोडदच्याच निरीक्षणांतून ठळक झाले. २०२० मध्ये ही दुर्बीण चालवणाऱ्या पुण्याच्या ‘एनसीआरए’ या संस्थेतील शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह ७,६५३ दीर्घिकांतील हायड्रोजनच्या रेडिओ लहरींचे अतिक्षीण संदेश एकत्र करून, सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांत हायड्रोजन, म्हणजे ताऱ्यांचा कच्चा माल, किती होता हे मोजले. तारे ज्या वेगाने जन्मत होते तो पाहता हा साठा एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. पुढे ताऱ्यांची निर्मिती मंदावली ती बाहेरून पुरेसा वायू न मिळाल्यामुळे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आणि बाहेरचा हा पुरवठा याच विरळ वायूतून होतो.

आता रेल्वेचा मुद्दा. हायड्रोजनचा संदेश निघतो १,४२० मेगाहर्ट्झला, पण विश्वाच्या प्रसरणामुळे इतक्या दुरून येईपर्यंत त्याची वारंवारिता निम्मी, म्हणजे ७१० मेगाहर्ट्झच्या आसपास होते. मोबाइल सेवाही ७००, ८०० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालतात. त्यात विजेवरील गाडीच्या टपावरचा, वीज घेणारा पेंटोग्राफ आणि वरची तार यांच्यात उडणाऱ्या ठिणग्या सर्वच वारंवारितांवर गोंगाट करतात. मोबाइल कंपनीला दुसरा पट्टा देता येतो. हायड्रोजनला देता येत नाही.

तरीही ‘दुर्बीण आहे, म्हणून रेल्वे नाही’ एवढ्या उत्तरावर नारायणगावच्या शेतकऱ्याची बोळवण करणे योग्य नव्हे. मार्ग किती अंतरावरून गेला तर गोंगाट किती वाढेल, बोगदा किंवा आडोसा घालून तो किती कमी होईल आणि खर्च किती येईल, याची आकडेवारी रेल्वे आणि ‘एनसीआरए’ या दोघांकडून घेऊन आपल्या दैनिकाने सविस्तर छापावी, ही विनंती.

— एक वाचक, औंध, पुणे