तुमचा स्कॅन माझ्या मशीनवर का नाही

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबा म्हणाले की डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय सांगितलाय तर बाहेर कशाला करायचा, तुझ्याकडे सात टेस्लाचं, म्हणजे एवढ्या ताकदीच्या चुंबकाचं, मशीन आहे, त्याच्यावर जास्तच चांगलं दिसेल. मी घाईत नुसतं नाही म्हटलं आणि बाबा एकदम गप्प झाले, म्हणून आता नीट लिहिते.

बाबा, तुमच्या गुडघ्यात कृत्रिम सांधा आहे. तो ३ टेस्लाला चालतो असं कार्डावर लिहिलेलं असलं तरी ७ ला चालेलच असं नाही, बऱ्याच इम्प्लांटची तेवढ्या चुंबकात चाचणीच झालेली नसते आणि चाचणी नाही तर आम्ही कोणालाच आत घेत नाही, मग ते आमचे साहेब असोत की माझे वडील. दुसरं म्हणजे आमचं मशीन रिसर्चचं, तिथून डॉक्टरांना द्यायचा रिपोर्ट निघत नाही. त्यांना जे बघायचंय ते बाहेरच्या ३ टेस्लाच्या मशीनमध्ये व्यवस्थित दिसतं. आणि आई, रेडिएशनची काळजी कुठल्याच एमआरआयला करू नकोस, एक्स-रे किंवा सीटीसारखं त्यात काही नसतं, चुंबक आणि रेडिओ लहरी, बस. आमच्या मशीनमध्ये आत सरकताना काहींना गरगरतं (आतल्या कानातल्या द्रवावर चुंबकाचा जोर पडतो) पण तेवढंच.

मग मी तिथे दिवसभर करते काय, हा बाबांचा खरा प्रश्न आहे हे मला माहितीये.

नेहमीच्या एमआरआयमध्ये जे दिसतं ते बहुतेक सगळं पाणी, म्हणजे पाण्यातला हायड्रोजन. ३ टेस्लात दहा लाख हायड्रोजनमागे साधारण दहाच जास्तीचे चुंबकाच्या बाजूने वळलेले असतात आणि सगळा सिग्नल त्या दहांचा. ७ टेस्लात ते तेवीसच्या आसपास होतात. एवढ्यासाठी एवढा खर्च? असं बाबा म्हणणारच! पण मला पाणी नकोच आहे, मला हवंय ग्लुटामेट, ज्याच्यातून मेंदूच्या पेशी एकमेकींशी बोलतात, किंवा गाठीतली प्रथिनं, आणि हे सगळं पाण्याच्या मानाने हजारो पटीने कमी असतं. सरळ शोधायला गेलं तर पाण्याच्या सिग्नलखाली गाडलं जातं.

त्याच्यावर एक युक्ती आहे, तिला सेस्ट म्हणतात. प्रथिनांमधले काही हायड्रोजन पाण्यातल्या हायड्रोजनशी सतत जागा बदलत असतात. आम्ही रेडिओ लहरीने फक्त त्या प्रथिनवाल्यांनाच गप्प करतो, म्हणजे त्यांचा सिग्नल बंद करतो, ते पाण्यात जातात, त्यांच्या जागी नवे येतात, त्यांनाही गप्प करतो, असं दोनेक सेकंद चालू ठेवायचं. बाजारात एकच माणूस खोट्या नोटा खपवत राहिला तर थोड्या वेळाने गल्ल्यागल्ल्यात खोट्या नोटा सापडतात ना, तसं पाण्याचाच सिग्नल थोडा उतरतो आणि किती उतरला त्यावरून प्रथिनांचा अंदाज येतो. मोठं चुंबक इथे कामाला येतं कारण पाणी आणि ही प्रथिनं यांच्या फ्रिक्वेन्सीतलं अंतर ३ टेस्लात साडेचारशे हर्ट्झच्या जवळपास असतं ते ७ मध्ये हजाराच्या पुढे जातं, मग एकाला धक्का देताना दुसऱ्याला कमी लागतो. उपयोग कुठे, तर ब्रेन ट्यूमरला रेडिएशन दिल्यावर स्कॅनमध्ये जे चमकतं ती परत वाढलेली गाठ की नुसता मेलेला भाग हे साध्या चित्रात बरेचदा सारखंच दिसतं, आणि घरच्यांसाठी त्या दोन उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. प्रथिनांचा सिग्नल तिथे मदत करू शकतो.

अर्थात चुंबक वाढवलं की डोकेदुखीही वाढते. ७ टेस्लात रेडिओ लहरीची लांबी डोक्यात शिरल्यावर बारा-तेरा सेंटीमीटरच उरते, म्हणजे डोक्यापेक्षा लहान, मग मधला भाग लख्ख आणि कानामागचा भाग काळपट. माझा निम्मा वेळ हा काळपटपणा घालवण्यातच जातो, आठ बाजूंनी वेगवेगळ्या लहरी सोडायच्या, टिश्यू तापत नाही ना बघायचं, आणि एवढं करून माणसाने मान जराशी हलवली की सगळं परत पहिल्यापासून.

फ्रान्समध्ये साक्ले इथे ११.७ टेस्लाचं मशीन आहे, चुंबकच १३२ टनांचं! २०२१ मध्ये त्यात पहिल्यांदा भोपळ्याचा स्कॅन केला (खरंच) आणि २०२४ मध्ये माणसांच्या मेंदूची चित्रं आली. सगळीकडे चित्र किती बारीक याचंच कौतुक झालं, मला मात्र तिथे सोडियम, फॉस्फरस, ग्लुकोज कसं दिसेल याचीच जास्त उत्सुकता आहे, कारण पेशीचं रसायन बऱ्याचदा आकाराच्या आधी बिघडतं. जड हायड्रोजन घातलेलं ग्लुकोज पाण्यातून प्यायला द्यायचं आणि मेंदूत त्याचं पुढे काय होतं ते बघायचं, अशी पण एक पद्धत आहे, त्यातही रेडिएशन नाही. गाठीत त्याचं लॅक्टेट (ग्लुकोज अर्धवट वापरलं की बनणारा पदार्थ) जास्त बनतं ते थेट दिसतं. आमच्याकडे पुढच्या वर्षी हे सुरू करायचं चाललंय, पैसे मंजूर झाले तर.

बाबा, गुरुवारची तारीख घेऊन टाका, गुडघ्याचं कार्ड बरोबर ठेवा आणि आत जायच्या आधी टेक्निशियनला स्वतःहून दाखवा, तो विचारेल म्हणून थांबू नका. आवाज खूप होतो, कानात घालायला मागून घ्या. सीडी हातात पडली की मला कळवा.

तुमची,
मुलगी