लेबलावरचे ५०,००० युनिट नेमके कशाचे? सेल्युलेज पावडरीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा व गुणवत्ता विभाग

विषय : ट्रायकोडर्मा सेल्युलेज पावडर, ५ किलो, लेबल, मात्रा आणि घटक यांबाबत तक्रार

महोदय,

आपल्याकडून पुण्यातील आमच्या प्रयोगशाळेसाठी घेतलेली सेल्युलेज (ट्रायकोडर्मा बुरशीचे, सेल्युलोज तोडणारे एन्झाइम) पावडर उसाच्या बगॅसमधील (रस काढल्यावर उरणाऱ्या चोथ्यातील) सेल्युलोजपासून ग्लुकोज काढण्यासाठी होती. बिल, लॉट क्रमांक व चाचण्यांच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत.

लेबलावर ‘५०,००० युनिट प्रति ग्रॅम’ एवढेच छापले आहे. कोणता सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करते तो पदार्थ), किती तापमान, किती वेळ, यांतले काहीच नाही. म्हणून १ ग्रॅम पावडर १०० मिलीत विरघळवून आम्ही फिल्टर पेपर चाचणी केली : व्हॉटमन क्र. १ ची १ × ६ सेंमी पट्टी (सुमारे ५० मिग्रॅ), ४.८ पीएचचे ०.०५ मोलर सायट्रेट बफर १ मिली, एन्झाइम ०.५ मिली, ५० अंशांवर बरोबर ६० मिनिटे. मग ३ मिली डीएनएस (साखर मोजण्यासाठी रंग आणणारे द्रावण) आणि ५ मिनिटे उकळते पाणी. २ मिग्रॅ ग्लुकोज सुटायला मूळ द्रावणाचा ०.६५ भाग (उरलेले बफर) लागला. या चाचणीच्या ठरलेल्या सूत्राप्रमाणे ०.३७ भागिले ०.६५ म्हणजे मिलीला ०.५७, ग्रॅमला सुमारे ५७ फिल्टर पेपर युनिट.

सीएमसीवर (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) मोजल्यावर ग्रॅमला ८४० युनिट आले. या ८४० ला ६० ने गुणले की ५०,४०० होतात. मिनिटाऐवजी तासाचा हिशेब धरून लेबलावरचा आकडा काढला आहे का, याचे लेखी उत्तर हवे. तसे असले तरी तो आकडा बगॅससाठी उपयोगाचा नाही. सीएमसी पाण्यात विरघळते आणि ती साखळी मधूनच तोडायला एंडोग्लुकानेज पुरते. बगॅसमधले सेल्युलोज बऱ्याच अंशी स्फटिकी असते. तिथे साखळीच्या टोकापासून सेलोबायोज (दोन ग्लुकोज जोडलेली साखर) सोडवत जाणारे सेलोबायोहायड्रोलेज लागतेच.

आपल्या माहितीपत्रकात १ किलो कोरड्या बगॅसला २ ग्रॅम पावडर सांगितली आहे. अल्कलीने धुतलेल्या आमच्या बगॅसमध्ये ६० टक्के सेल्युलोज आहे. त्या हिशेबाने १ ग्रॅम सेल्युलोजला जेमतेम ०.२ फिल्टर पेपर युनिट मिळते. एवढ्या मात्रेत फारशी साखर निघणे शक्य नाही, आणि हे पत्रक वाचून कोणी २०० किलोची बॅच लावली तर ती अख्खी वाया जाईल.

आम्ही मात्रा १ ग्रॅम सेल्युलोजला १५ युनिटपर्यंत नेली, म्हणजे १०० ग्रॅम बगॅसला १५.८ ग्रॅम पावडर. घन पदार्थ ५ टक्के ठेवले. तरी ७२ तासांत सेल्युलोजचे ३१ टक्केच ग्लुकोज झाले आणि पुढे आकडा हलेना. एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) सेलोबायोज साठलेले स्पष्ट दिसले. साठलेले सेलोबायोज ते तयार करणाऱ्या एन्झाइमलाच अडवते. त्याचे ग्लुकोज करणारे बीटा-ग्लुकोसिडेज आपल्या पावडरीत ग्रॅमला फक्त १२ युनिट आहे (पॅरा-नायट्रोफिनाइल ग्लुकोसाइडवर मोजलेले). ते निदान फिल्टर पेपर युनिटांच्या बरोबरीने असायला हवे. ट्रायकोडर्माचे बरेचसे बीटा-ग्लुकोसिडेज बुरशीच्या कोशभित्तीलाच चिकटून राहते, ही जुनी आणि सर्वांना ठाऊक असलेली अडचण आहे. म्हणूनच चांगले उत्पादक त्यात ॲस्परजिलस नायजरचे एन्झाइम मिसळतात. आम्ही ते दुसरीकडून आणून घातले, तेव्हा त्याच बगॅसवर ६६ टक्के रूपांतर झाले. म्हणजे दोष बगॅसमध्ये नव्हता. बगॅस उदासीन होईपर्यंत धुतले होते, पीएच ५० अंशांवरच तपासला होता, जंतूंनी साखर खाऊ नये म्हणून सोडियम अझाइड घातले होते आणि पावडर पहिल्या दिवसापासून ४ अंशांवर होती.

सर्वांत गंभीर बाब पुढची. पेपर न घालता फक्त एन्झाइमचा ब्लँक (तुलनेसाठीची चाचणी) लावला, तर ५ मिग्रॅ पावडरीत १.४ मिग्रॅ क्षपणकारी साखर निघाली, म्हणजे २८ टक्के. लेबलावर भरण पदार्थाचा (एन्झाइमसोबत पावडरीत मिसळलेल्या इतर पदार्थाचा) उल्लेखच नाही. वरच्या १५.८ ग्रॅम पावडरीतून ४.४ ग्रॅम साखर आपणच मिसळता, आणि ब्लँक न वजा करणारा माणूस ती बगॅसमधून निघाली असे समजतो. वर दिलेले आमचे सर्व आकडे ही साखर वजा करूनच काढलेले आहेत.

आमच्या मागण्या अशा : उरलेली ४.६ किलो पावडर परत घेऊन तिची किंमत द्यावी, किंवा फिल्टर पेपर व बीटा-ग्लुकोसिडेज ही दोन्ही युनिटे चाचणीच्या पद्धतीसह लिहिलेला नवा लॉट पाठवावा. माहितीपत्रकातली मात्रा ताबडतोब दुरुस्त करून या लॉटच्या इतर ग्राहकांनाही कळवावी. भरण पदार्थाचे नाव व प्रमाण लेबलावर छापावे.

सीलबंद नमुना आम्ही ४ अंशांवर राखून ठेवला आहे. आपला प्रतिनिधी पाठवल्यास पुण्यातल्या कोणत्याही त्रयस्थ प्रयोगशाळेत दोघांसमक्ष चाचणी करायची आमची तयारी आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

कळावे,

आपले,
प्रयोगशाळा प्रमुख व सहकारी
पुणे

सोबत : बिलाची प्रत, लेबलाचे छायाचित्र, चाचण्यांच्या नोंदी व एचपीएलसीचे आलेख