तळ्यात एक फळी लावा, एवढंच मागतेय (अध्यक्षांना पाचवं पत्र)

प्रति,
मा. अध्यक्ष,
आपली सहकारी गृहरचना संस्था, पुणे

विषय : बागेतल्या तळ्यात पडलेल्या प्राण्यांना बाहेर यायला वाट करणेबाबत
संदर्भ : माझी आधीची चार पत्रं. एकाचंही उत्तर नाही, तिसऱ्याची तर पोचपण नाही.

स.न.वि.वि.

अध्यक्षकाका, मी सी-३०४. तुम्ही मला १४ वर्षं ओळखता, पण मागच्या वेळी सेक्रेटरींनी ऑफिसात "कोण मॅडम?" असं विचारलं म्हणून फ्लॅट नंबर लिहिलाय.

रविवारी सकाळी साडेसातला आमचा चिकू तळ्यात पडला. ग्रुपवर यावर जे काही चाललंय ते मी वाचलंय, "कुत्र्यांना पोहता येतंच" हे पण वाचलं. चिकू पग आहे. पगला पोहता येत नाही हो, नाक चपटं, श्वास घ्यायचा तर डोकं पार वर करावं लागतं, आणि डोकं वर केलं की मागचं सगळं वजन खाली जातं, म्हणजे तो पोहत नाही, उभ्या उभ्या बुडतो. वर तळ्यावर महिनाभर ती बारीक हिरवी पानं पसरलीयेत, काठापर्यंत, अगदी लॉनसारखी. चिकूला लॉनच वाटलं. मलाही लांबून लॉनच वाटतं. तो रोजच्यासारखा धावत गेला आणि हिरवळीत गायब झाला.

पट्ट्याबद्दल लगेच विचारणार म्हणून आधीच सांगते, पट्टा माझ्या हातात होता. फक्त चिकूच्या बाजूने सुटलेला होता. या पत्राचा विषय तो नाही.

मी चपला काढून आत उतरले. पाणी मांडीपर्यंत, पण खाली शेवाळ, फरशी गुळगुळीत. चिकूला काठावर ठेवला आणि मग माझ्या लक्षात आलं की मलाच वर येता येत नाहीये. तुम्ही जो काळा ग्रॅनाइट लावलाय तो आतल्या बाजूला चार बोटं पुढे आलाय, पाणी त्याच्या वीतभर खाली, हात टेकला की घसरतो. शेवटी माळीदादांनी हात दिला. वयाच्या ५८व्या वर्षी, दोन हात दोन पाय असून, मला बाहेर यायला माणूस लागला. आता त्याच ठिकाणी खार ठेवून बघा.

हेच मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. माळीदादांना विचारा, ते रोज सकाळी जाळीच्या झाऱ्याने काय काय काढतात. खारी, चिचुंद्र्या, एकदा बुलबुलाचं पिल्लू, मागच्या जूनमध्ये त्या पांढऱ्या मांजरीचं तिसरं पिल्लू. आणि पावसाळ्यात बेडकाची नखाएवढी पिल्लं, शेकड्याने. "बेडूक कसा बुडेल" म्हणून मीटिंगमध्ये सगळे हसले होते, तुम्हीपण हसलात काका, मी बघितलं. बेडूकसुद्धा बुडतो. त्याला पाण्याबाहेर येऊन बसायला जागा लागते, ती नसेल तर पोहून पोहून दमतो आणि मरतो. पाण्यात पडलेलं कुठलंही छोटं जनावर मधे थांबत नाही, ते भिंतीला धरून गोल गोल फिरत राहतं, कुठेतरी नखं अडकतील म्हणून. आपल्या तळ्याला चारही बाजूंनी ग्लेझ टाइल आहे. नखं कुठे अडकणार? खारीला पोहता येतं, पण किती वेळ? केस भिजले की अंग जड होतं, गार पडतं, संपलं.

आता हे तळं आलं कुठून ते नवीन मेंबरांना माहीत नाही म्हणून लिहिते. इथे आधी साधी बाग होती, एक बाक, एक पारिजातक. खजिनदार साहेबांच्या मनात आलं की वाड्यातल्या हौदासारखं काहीतरी पाहिजे. वाड्यातला हौद मी पाहिलाय, माझ्या आजोळी होता, त्याला आत उतरायला पायऱ्या होत्या! जुन्या लोकांना एवढं कळत होतं. इथे पायऱ्या "लूक बिघडतो" म्हणून काढल्या. पारिजातक पण गेला, त्याचं मी काही बोलत नाही.

मग मासे आले. मासे कमी व्हायला लागले तेव्हा बी विंगच्या तळमजल्यावरून (मी कोणाचं नाव घेत नाही) असा शोध लागला की माझी मनी मासे खाते. मनी १३ वर्षांची आहे, तिला कॅटफूडसुद्धा भिजवून द्यावं लागतं. मासे खाते ती ढोकरी, बगळ्याच्या जातीतली. मी सकाळी सहाला गॅलरीत चहा घेते तेव्हा ती काठावर पुतळ्यासारखी उभी असते, मातकट रंगाची, उडाली की एकदम पांढरे पंख दिसतात. कधी खंड्यापण येतो. फोटो पाठवला होता ग्रुपवर. त्याच्यावर दोन गुड मॉर्निंग आणि टँकरचा मेसेज पडला आणि विषय संपला.

पण माझ्या मांजरीसाठी म्हणून तळ्यावर नायलॉनची जाळी टाकली गेली, ती पण नीट ताणून नाही, अशी झोळीसारखी. तिसरं पत्र त्या जाळीबद्दल होतं, त्याची पोच नाही. दीड महिन्यात त्यात पाणदिवड अडकली. पाणदिवड बिनविषारी असते, बेडूक-मासे खाते, आपल्या वाटेला जात नाही. पण नायलॉनचा दोरा तिच्या अंगात असा रुतला होता की सर्पमित्र मुलगा पाऊण तास माझ्या नखं कापायच्या कात्रीने एक एक धागा कापत बसला. कात्री माझी, लिंबू सरबत मी केलं, आणि "सोसायटीने तातडीने साप हटवला" असा मेसेज कोणी टाकला ते तुम्हाला माहीत आहे. जाळी अजून तिथेच आहे, फक्त आता एका बाजूने फाटलीये, म्हणजे आत जायला वाट आहे आणि बाहेर यायला नाही. जाळीच लावायची तर कडक लोखंडी चौकट करा, पाण्याच्या वर ताठ राहील अशी, नाहीतर काढून टाका. माशांना लपायला तळाशी दोन माठ आडवे टाका, कमळाची पानं वाढू द्या, ढोकरीला जेवढे जायचे तेवढे जातील. तीपण कुठे जाणार बिचारी, ओढे सगळे पाइपात घातलेत.

फळीचं आता लिहिते. चौथं पत्र देऊन तीन आठवडे झाले तेव्हा मीच लाकडी वखारीतून चार फुटांची फळी आणली, तिच्यावर काथ्याची जुनी पायपुसणी खिळ्यांनी ठोकली आणि कोपऱ्यात लावली. यात अक्कल लागते बरं का, नुसती फळी टेकवून होत नाही. खालचं टोक पाण्यात चांगलं बुडलेलं पाहिजे, कारण पोहणाऱ्या जनावराचं नाक पाण्याच्या रेषेवर असतं, वर लोंबकळणारी फळी त्याला दिसतच नाही. उतार कमी पाहिजे, शिडीसारखी उभी केली तर घसरतात. पृष्ठभाग खरखरीत पाहिजे. आणि वरचं टोक बिजागरीने किंवा दोरीने बांधलेलं पाहिजे, म्हणजे उन्हाळ्यात पाणी खाली गेलं तरी फळी त्याच्याबरोबर खाली जाते. कोपऱ्यात अशासाठी की भिंतीला धरून फिरणारं जनावर कोपऱ्यात थांबतंच. खर्च सगळा मिळून ३८० रुपये, पावती आहे, पण मी मागत नाहीये. मागितले तर मिळतील असंही नाही.

दुसऱ्याच दिवशी त्या फळीवर मी स्वतः खार चढताना पाहिली. ओली, शेपटीची दोरी झालेली, वर येऊन दोन मिनिटं नुसती धापा टाकत बसली आणि गेली. मला खरं सांगते भरून आलं. तिसऱ्या दिवशी फळी गायब. वॉचमन म्हणाला "साहेबांनी काढायला सांगितली, अनधिकृत आहे." अनधिकृत! ज्या सोसायटीत बी विंगच्या तळमजल्याची बाल्कनी दोन फूट पुढे आलीये तिथे माझी फळी अनधिकृत.

तुम्ही म्हणाल मी एकटीच ओरडतेय. तसं नाहीये. ग्रुपवर माझ्या मेसेजला ११ अंगठे आले होते, त्यातल्या दोघांनी नंतर चुकून आला म्हणून सांगितलं तरी नऊ राहतात. ए-२०१च्या आजी म्हणाल्या बाई तू म्हणतेस ते बरोबर आहे. आणखी एका जबाबदार मेंबरने, ज्यांनी नाव नको म्हणून सांगितलंय कारण त्यांची गाडी खजिनदारांच्या शेजारी लागते, पूर्ण पाठिंबा दिलाय. थोडक्यात सगळ्यांचंच मत आहे.

नियमांचं म्हणाल तर आपल्या उपविधीत मेंबरच्या तक्रारीवर कमिटीने पुढच्या मीटिंगमध्ये निर्णय घ्यायचा आणि १५ दिवसांत कळवायचा असं आहे. माझ्या पहिल्या पत्राला आता सात महिने झाले. (तक्रार ठरावीक नमुन्यात द्यायची असंही तिथे आहे म्हणे, पण तेवढ्यावरून कोणी अडवू नये.) भारतीय पशु कल्याण मंडळाचं २०१५चं पत्रक आहे, बहुमत असलं तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, हे मी "कुत्री खाली आणणं बंद करा" म्हणणाऱ्यांसाठी लिहितेय. त्याच पत्रकात पट्ट्याबद्दल काय लिहिलंय ते शोधत बसू नका, मुद्दा तो नाही. आणि प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणं हे घटनेच्या कलम ५१अ मध्ये आपलं मूलभूत कर्तव्य आहे, २६ जानेवारीला झेंड्याखाली भाषण करताना तुम्हीच संविधानावर बोलला होतात.

याचा इथे संबंध नाही पण लिहून ठेवते, माझ्या बाथरूमच्या गळतीचं २०२१ पासून तसंच आहे, आणि दिवाळीत माझ्या मजल्यावरचा आकाशकंदील काढला तोही "लूक"साठीच. म्हणजे पद्धत तीच.

एक गोष्ट मात्र खरंच चेष्टेवारी नेऊ नका. मागच्या महिन्यात तळ्यात रंगीत लाइट बसवले, १४ हजारांना, फळीला पैसे नव्हते तेव्हा. ते सरळ २३० व्होल्टवर आहेत आणि जोड पाण्यापासून हातभर लांब टेप गुंडाळून केलाय. त्या लाइनला ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन आपोआप तोडणारा स्विच) आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून लेखी घ्या, आणि शक्यतो १२ व्होल्टचे दिवे बसवा. रविवारी मी त्याच पाण्यात उभी होते. नशीब सकाळ होती, दिवे बंद होते. मी गेले असते तर शोकसभा त्याच तळ्याकाठी झाली असती आणि दिवे लावले असते. पंपाच्या तोंडालाही जाळीचा पिंजरा नाही, बेडकाची पिल्लं त्यात ओढली जातात आणि मग पंप जळाला की मेंटेनन्समधून आपण पैसे देतो. पाणी साफ करायला जे मोरचूद टाकतात ते किती टाकतात तेही विचारा, कारण मांजरी-कुत्री तेच पाणी पितात. शेजारी साध्या पाण्याचं एक पसरट भांडं ठेवलं तर निम्मी जनावरं तळ्याकडे वाकणारच नाहीत.

मागणी माझी लहान आहे. चार कोपऱ्यांत चार फळ्या, एका बाजूला दगड-गोटे रचून उथळ कड, म्हणजे पक्षी आणि मधमाश्यापण पाणी पितील, फाटकी जाळी आजच्या आज काढणे, आणि ती हिरवी पानं निदान काठापासून दोन फूट काढून ठेवणे म्हणजे पाणी हे पाणी दिसेल. हे जमत नसेल तर तळं बुजवून पुन्हा पारिजातक लावा. किंवा तळं उचलून ज्यांना हौस आहे त्यांच्या त्या पुढे आलेल्या बाल्कनीत ठेवा, जागा भरपूर आहे.

चिकू बरा आहे. दोन दिवस खोकत होता, डॉक्टरांनी छाती तपासली, औषध चालू आहे. बिल जोडलेलं नाही, पण ठेवलंय.

१५ दिवस वाट बघेन. सोळाव्या दिवशी सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयात जाईन, तिकडे माझ्या भाच्याचा मित्र आहे.

आपली विश्वासू,
सी-३०४

प्रत : सेक्रेटरी, नोटीस बोर्ड (पाणी लागणार नाही अशा बाजूला लावावी), ए-२०१च्या आजी

ता.क. माझी फळी सापडली. बी विंगच्या पार्किंगमध्ये खजिनदार साहेबांच्या स्कूटरखाली आहे, पायरी चढवायला उतार म्हणून लावलीये, माझ्या पायपुसणीसकट. कोपऱ्यात बिजागरीही तशीच आहे. स्कूटरला वर यायला त्रास होतो हे त्यांच्या लक्षात आलं याचा आनंद आहे, पण फळी शनिवारपर्यंत परत पाहिजे.