दिवाणजी काकांना, पहिल्या वर्षाचा ताळेबंद जुळल्यावर

सांगली

आदरणीय दिवाणजी काका,
सा. नमस्कार.

पहिल्या वर्षाचा ताळेबंद सीएंची सही होऊन हातात आला. फोनवर सांगितलं तर तुम्ही "बरं झालं" एवढंच म्हणालात आणि लगेच यार्डातल्या सौद्याचा भाव विचारलात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते. आपल्या भागात हळद, बेदाणा, मसाल्याच्या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांच्याही ते उपयोगी पडेल.

अडत दुकानाची खतावणी, म्हणजे खात्यांची वही, लिहिण्यात तुमचा जन्म गेला. माझी हळद दळायची चक्की सुरू झाली तेव्हा तुम्ही आलात आणि पहिलंच वाक्य बोललात, "वही मी लिहिणार नाही. तू लिही, मी बघतो." माझ्यावर याहून मोठा उपकार कुणी केलेला नाही.

तेव्हा बरेच जण सांगत होते की लहान धंद्याला वह्या कशाला? आयकरात अनुमानित उत्पन्नाची सोय आहे. बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के आणि रोखीच्या विक्रीवर ८ टक्के नफा धरायचा, की झालं. तुम्ही ते खोडून काढलं नाहीत. "सोय खरी आहे, पण ती सरकारसाठी. पाव किलोच्या पाकिटात पैसे राहतात की पाच किलोच्या पिशवीत, हे तुला कोण सांगणार?" असं विचारलंत. माझा रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमा-खर्चाची वही, त्या दिवसापासून सुरू झाला.

माझ्या एकटीच्या नावाचा धंदा म्हणजे कायद्याने मीच. पॅन एकच, आणि कर्ज थकलं तर कर्ज देणारा घरापर्यंत येऊ शकतो. "कायदा भिंत घालत नाही, म्हणून वहीत तू घाल," असं तुम्ही म्हणालात. ठेव मोडून आणलेली रक्कम भांडवल खात्यावर जमा करायला लावलीत. बँकेत धंद्याचं वेगळं खातं उघडायला लावलंत. गल्ल्यातून भाजीला दोनशे रुपये काढले तरी ती उचल. नणंदेला दिलेली हळदसुद्धा खरेदीच्या किमतीने उचलीत लिहायची आणि त्या मालावरचं जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, सोडायचं. घरात यावरून कुरबूर झाली. तेव्हा तुम्ही माझ्या सासूबाईंना शेजारी बसवून उचल खातं वाचून दाखवलंत. आता गल्ल्यातले पैसे घेतले की त्या स्वतः हाक मारून सांगतात, "लिहून ठेव गं."

खरेदीचं तर तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. व्यापाऱ्याला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख दिले तर तो खर्च आयकरात धरला जात नाही, पण शेतकऱ्याकडून थेट त्याचा शेतमाल घेतला तर या नियमाला सूट आहे. तरी शेतकऱ्याचं नाव, गाव, वजन, भाव आणि सही घेतल्याशिवाय तुम्ही पैसे हलू देत नव्हता. जीएसटीचंही तसंच. मालाची उलाढाल ४० लाखांच्या आत असली तर नोंदणीची सक्ती नाही, हे मला माहीत होतं. पण आपण सीमेवरची माणसं. म्हैसाळ ओलांडलं की कागवाड, म्हणजे कर्नाटक. तिकडच्या दुकानाला एक पोतं जरी विकायचं तरी आधी नोंदणी हवी, आणि कंपोझिशनमध्ये (लहान धंद्यांसाठीच्या ठोक दराच्या योजनेत) राहून परराज्यात विक्री करता येत नाही. हे तुम्ही पहिल्याच महिन्यात सांगितलंत म्हणून मी नियमित नोंदणी घेतली. आज अथणीला माल जातो तो त्यामुळेच.

आणि ३१ मार्च! आपल्याकडे हळदीचा हंगाम आणि वर्षअखेर एकदमच येतात. नवी राजापुरी हळद यार्डात उतरलेली असते, वर्षभराची खरेदी तेव्हाच करावी लागते, म्हणजे नेमकं त्या दिवशी गोदाम भरलेलं. नफा किती झाला हे सगळं त्या साठ्याच्या मोजणीवर ठरतं. तुम्ही उन्हातान्हात उभं राहून हळकुंडं वेगळी, पावडर वेगळी, भरलेली पाकिटं वेगळी आणि छापील रिकाम्या पिशव्याही वेगळ्या मोजून घेतल्यात. खरेदीच्या भावात हमाली, तोलाई, गाडीभाडं मिळवलंत. दळताना येणारी घट मी रोज लिहीत होते, तिचा उपयोग तेव्हा कळला. शंभर किलो हळकुंडातून समजा ९६ किलो पावडर आली, तर शंभर किलोचा सगळा खर्च त्या ९६ किलोंवर पडतो. भाव चढला होता, म्हणून साठा आजच्या भावाने धरावा असं वाटणं साहजिक होतं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "न विकलेल्या हळदीवर नफा खायचा नाही, बाळ. आपल्याला पडलेला भाव आणि बाजारभाव, यातला कमी असेल तो धर." चक्की डिसेंबरात सुरू झाली, म्हणजे वर्षात १८० दिवस भरले नाहीत, म्हणून यंत्राच्या झिजेची वजावट, म्हणजे घसारा, १५ टक्क्यांऐवजी निम्माच. हे सीएंनी सांगायच्या आधी तुम्ही पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं.

एक गोष्ट मात्र मला आजही हलवून जाते. मी मानधनाचं विचारलं तेव्हा वाटलं, तुम्ही नको म्हणाल. तुम्ही रक्कम सांगितलीत, घेतलीत आणि व्हाउचरवर सही करून दिलीत. "फुकटचं काम खर्चात दिसत नाही. मग पाकिटाचा भाव खोटा निघतो. तुझी स्वतःची मजुरी नफा-तोट्यात येत नाही, ती तर भाव ठरवताना आठवणीने धरायची," असं सांगितलंत. इतक्या सन्मानाने मला कुणी धंदा शिकवला नव्हता.

बँकेने खेळत्या भांडवलासाठी कागद मागितले तेव्हा तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी), नफा-तोटा पत्रक, ताळेबंद सगळं पुढे ठेवलं. साहेबांनी गिऱ्हाइकांकडून येणं असलेल्या यादीतल्या दोन रकमांबद्दल विचारलं, मी वही न उघडता उत्तर दिलं. कर्जाची मर्यादा मंजूर झाली.

आता एक विनंती. आमच्या बचत गटातल्या दोघीजणी लोणची आणि चटण्या विकायला लागल्या आहेत. अन्न परवान्याची नोंदणी झाली, पण वही अजून नाही. येत्या रविवारी त्यांना घेऊन तुमच्याकडे आले तर चालेल का? रोजमेळ त्यांना मी शिकवेन, साठ्याचं तेवढं तुम्ही समजवा. मानधनाचं व्हाउचर त्यांच्या नावाने तयार ठेवते.

काकूंना नमस्कार.

आपली,
कुपवाड रोडची हळदवाली